शाळेच्या फॉर्मवर तो रकाना नको



आज साठवणीच्या पापडांचा विषय नाही आणि दशलक्षणाच्या तयारीचाही नाही. विषय जड आहे. शेवटपर्यंत वाचा, मग हवं तर माझ्याशी भांडा.

आपल्या समाजाच्या एका शाळेत एक सूचना फिरते आहे. अजून काही ठरलेलं नाही, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. सूचना अशी की शिक्षक आणि कर्मचारी नेमताना त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, 'मी समलिंगी किंवा तृतीयपंथी नाही.' आणि प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांची सही घ्यायची की पुढे मूल 'तसं' निघालं तर शाळा दाखला हातात देऊ शकते. कारण काय, तर आपली शाळा धार्मिक अल्पसंख्याकांची आहे, घटनेने आपल्याला हक्क दिला आहे आणि धर्म जपायचा आहे. महिला मंडळाच्या ग्रुपवर बर्‍याच जणींनी हात जोडल्याची खूण टाकून अनुमोदना दिली.

मी दिली नाही. घटनेने दिलेला हक्क धर्म शिकवण्यासाठी आहे, माणसं गाळण्यासाठी नाही. आणि आपलाच धर्म नीट वाचला तर या रकान्याला त्यात आधार सापडत नाही.

आधी नागपूरच्याच एका माणसाची गोष्ट सांगते. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे आपल्या नागपूरचे. मराठीचे प्राध्यापक आणि कवी. नोकरीसाठी ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले आणि तिथे अनेक वर्षं मराठी शिकवलं. मराठी पुस्तकही सहज मिळत नसेल अशा गावात त्यांनी आयुष्य काढलं. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये एका रात्री काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषाबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं. विद्यापीठाने निलंबित कुणाला केलं? सिरसांना. वर राहतं क्वार्टरही सोडायला लावलं. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० ला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते आपल्या भाड्याच्या खोलीत मृत सापडले. पुढे यावर 'अलीगढ' नावाचा सिनेमा आला. मनोज वाजपेयीने त्यात सिरसांचं काम केलं आहे.

आता कॉमर्सच्या विद्यार्थिनीला शोभेल असा हिशेब मांडते. या प्रकरणात संस्थेच्या जमेच्या बाजूला काय पडलं? एका विद्यार्थ्याचीही तक्रार नव्हती. शिकवण्यात खोट काढलेली नव्हती. कुणाचा धर्म वाचला असं दिसत नाही. खर्चाच्या बाजूला मात्र एक माणूस गेला आणि दूर परमुलखात मराठी शिकवणारा एक शिक्षक गेला.

कुणी म्हणेल, ते त्यांचं विद्यापीठ, आपला काय संबंध? संबंध असा की अलीगढच्या अल्पसंख्याक दर्जाचा वाद आणि आपल्या शाळांचा हक्क एकाच कलमातून येतो. घटनेचं ३० वं कलम. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क हे कलम देतं. २७ जानेवारी २०१४ ला केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं. तेव्हा आपण पेढे वाटले होते, आठवतं ना? तो हक्क मोलाचाच आहे. २०११ च्या जनगणनेत आपण देशभरात साडेचव्वेचाळीस लाख होतो, त्यातले चौदा लाख महाराष्ट्रात. सव्वाशे कोटींच्या देशात एवढ्या लहान समाजाला आपल्या मुलांना आपल्या रीतीने शिकवायचं असेल तर संरक्षण लागतंच.

पण हक्काची हद्दही न्यायालयाने फार पूर्वीच आखली आहे. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी हे कलम तपासलं. संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालवण्याचा हक्क येत नाही, हे सूत्र तिथे पक्कं झालं. शिक्षकांचंही तसंच. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचार्‍यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आहे. कायम शिक्षकाला चौकशीशिवाय घरी पाठवता येत नाही आणि पाठवलं तर तो शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक आपल्या पसंतीचा नेमण्याची मोकळीक आहे. पण ती मोकळीक म्हणजे कुणाच्या खोलीत डोकावण्याचा परवाना नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाबाबत निकाल दिला. दोन सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींना शिक्षणात आणि नोकरीत भेदभावापासून २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिलं. उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या खाजगी शाळांविरुद्ध दाद मागणार्‍या एका पारलिंगी शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ ला तिला भरपाई मंजूर केली आणि समान संधीचं धोरण आखायला समिती नेमली. म्हणजे फॉर्मवरचा 'तृतीयपंथी नाही' हा शब्द आज सरळ कायद्याच्या विरुद्ध जातो. ट्रस्टी मंडळींनी वकिलाला विचारल्याशिवाय तो छापू नये.

समलिंगी शिक्षकाचं मात्र वेगळं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खाजगी शाळेने 'तू समलिंगी आहेस म्हणून घेत नाही' म्हटलं तर तिला थेट रोखणारा तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तिथे फट आहे. आणि जिथे कायदा थांबतो तिथेच आपली परीक्षा असते. रात्री न जेवण्याचा कायदा कुठे आहे? तरी आपण पाळतो. पोलीस बघतो म्हणून आपण पाणी गाळत नाही.

तेव्हा आता धर्माकडे येते.

तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात कर्मांच्या प्रकृती सांगितल्या आहेत. स्वाध्यायात आपण त्या पाठ केल्या आहेत. चारित्रमोहनीय कर्मात नऊ नोकषाय येतात: हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा, स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद. यातले शेवटचे तीन वेद म्हणजे कामवासनेचे प्रकार. आपले आचार्य किती बारकाईने बघत होते पाहा. शरीराचं लिंग नामकर्माने मिळतं आणि आतला वेद मोहनीय कर्माच्या उदयाने येतो. एक द्रव्यवेद, दुसरा भाववेद. दोन्ही जुळतीलच असं नाही, हे आपल्या शास्त्रकारांनी शतकांपूर्वी लिहून ठेवलं. पुरुषाच्या शरीरात स्त्रीवेदाचा उदय असू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. 'हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे' असं म्हणणार्‍या भगिनीने एकदा आपलं कपाट उघडून गोम्मटसार काढावं.

शास्त्रकारांनी तिन्ही वेदांना उपमा दिली ती आगीचीच. कुठल्याही वेदाला त्यांनी थंड पाणी म्हटलेलं नाही. माझा स्त्रीवेद आणि यांचा पुरुषवेद हेसुद्धा कर्मबंधच आहेत. आम्ही लग्न केलं, ब्रह्मचर्याणुव्रताची मर्यादा घातली, इतकंच. मोक्षमार्गावर तिन्ही वेद सोडायचे आहेत. मग एकाच वेदाच्या माणसाकडून सही घ्यायची आणि बाकी दोघांना चहा पाजायचा, हा न्याय कुठल्या आगमातला?

आणि त्या नऊंच्या यादीकडे पुन्हा बघा. वेदांच्या अगदी शेजारी कोण बसलंय? भय आणि जुगुप्सा. भीती आणि किळस. समलिंगी शिक्षकाचं नाव ऐकून आपल्याला जे होतं ते नेमकं हेच. त्याचा वेद जसा मोहनीय कर्माचा उदय, तशी आपली किळसही त्याच कर्माचा उदय. त्याच्या उदयाची आपण चौकशी करणार आणि आपल्या उदयाचा नियम बनवून फॉर्मवर छापणार? सम्यग्दर्शनाची आठ अंगं रोज म्हणतो. त्यात निर्विचिकित्सा आहे, म्हणजे किळस न करणं. उपगूहन आहे, म्हणजे दुसर्‍याचं उणं चव्हाट्यावर न मांडणं. स्थितीकरण आणि वात्सल्य आहे. सिरसांच्या घरात कॅमेरा घेऊन शिरणं उपगूहनाच्या नेमकं उलट होतं. आणि तोच कॅमेरा कागदावर उतरवला की आपला तो रकाना तयार होतो.

एक वयस्क काका मला म्हणाले, 'ताई, शास्त्रात नपुंसकाला दीक्षाच नाही, मग शाळेत कसं?' काका, दीक्षा कुणाला द्यायची याचे नियम आचार्यांनी पाहावेत, मी त्यात बोलणार नाही. पण शाळा म्हणजे दीक्षा नव्हे. आपल्या दिगंबर आम्नायात स्त्रीपर्यायातून मोक्ष मानत नाहीत. आपल्या श्वेतांबर बहिणी मानतात, त्यांच्याकडे एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली स्त्री आहेत. हा वाद किती शतकांचा! पण त्या वादाच्या आधाराने मुलींना शाळेचं दार बंद करा, असं आज कुणी म्हणेल का? मोक्षाची पात्रता आणि सातवीच्या वर्गातली जागा यांची गल्लत आपल्या बाबतीत आपण होऊ देत नाही. दुसर्‍याच्या बाबतीतही होऊ देऊ नये.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, म्हणून एकेक घेते.

पहिला मुद्दा मुलांच्या सुरक्षिततेचा. आई म्हणून मला हा सगळ्यात मोठा वाटतो. पण मुलांना धोका असतो तो वागण्यातून. लहान मुलाला हात लावणारा माणूस विवाहित, दोन मुलांचा बाप आणि देवळात रोज अभिषेक करणाराही असू शकतो. त्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी करा, कॅमेरे लावा, एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवू नका, तक्रारपेटी ठेवा. हे सगळ्या शिक्षकांसाठी करा. 'मी समलिंगी नाही' या ओळीवर सही घेऊन मूल सुरक्षित होतं असं समजणं म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं उघडं ठेवणं. खोटं बोलायची तयारी असलेला वाईट माणूस ती सही डोळे मिटून करेल. अडकेल तो खरं बोलणारा.

दुसरा मुद्दा, शिक्षक हा आदर्श असतो. खरं आहे. पण आपल्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर जैन नाहीत. घरी काय जेवतात ते आपण विचारत नाही. आवारात मांस, अंडं, मद्य आणायचं नाही हा नियम आहे, तो ते पाळतात आणि आपण त्यांचा मान ठेवतो. हुंडा घेतलेले, बायकोला टाकलेले, तंबाखूची पुडी खिशात ठेवणारे, यांच्यासाठी फॉर्मवर रकाना कधी आला नाही. हुंडा आपल्या समाजात किती घरांत शिरलेला आहे, हे तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे. आदर्शाचीच काळजी असेल तर रकाना तिथून सुरू करा. तिथे तोंडाला कुलूप आणि इथे तत्त्वनिष्ठा, हे काही खरं नाही.

तिसरा मुद्दा, पैसा आपला, जागा आपली, मग मर्जीही आपली. यातलं अर्धं मी मान्य करते. धर्माचा तास कोण घेणार, बालबोध आणि छहढाला कोण शिकवणार, ते आपणच ठरवावं. त्या माणसाची श्रद्धा आणि आचरण बघावं. तो हक्क कुणी काढायला आलं तर मी स्वतः मोर्चात येईन. पण बीजगणिताला, खेळाला, ग्रंथालयाला, बसच्या ड्रायव्हरला हा नियम कशासाठी? वर्गात धर्माची टिंगल करू नका, शाळेच्या मर्यादा पाळा, एवढं सगळ्यांकडून लिहून घ्या. नियम वागणुकीचा असावा, असण्याचा नको.

असण्याचाच गुन्हा ठरतो तेव्हा कसं वाटतं, हे आपल्याला विसरता येणार नाही. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या समाधिमरणाला आयुष्याचं सार्थक मानलं, ते एका निकालाने दंडसंहितेत जाऊन बसलं. आपण मूक मोर्चे काढले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तीन आठवडे होते फक्त. त्या तीन आठवड्यांत आपण म्हणत होतो, आमच्या जगण्यामरणातल्या इतक्या खाजगी गोष्टीत बाहेरच्याने येऊ नये, आधी समजून घ्यावं. ज्यांनी हे वाक्य तीन आठवडे म्हटलं, त्यांनी दीडशे वर्षांहून जास्त काळ ३७७ खाली दबलेल्यांना तेच वाक्य म्हणू द्यायला हवं.

राहिला प्रवेशाचा रकाना. हा मला नोकरीच्या रकान्यापेक्षा जास्त खुपतो. फॉर्म भरताना मूल तीन-चार वर्षांचं असतं. त्याचं त्याला काय माहीत? कळतं ते आठवी-नववीत आणि तेही घाबरत घाबरत. त्या वयात ते आधार शोधतं. आईला सांगू की नको, एखाद्या बाईंना सांगू का? आणि बाईंच्या कपाटात आपल्या आईबापांनी सही केलेला कागद आहे. मग ते कुणालाच सांगणार नाही. सत्य हे आपलं अणुव्रत आणि आपणच मुलाला असत्याची दीक्षा द्यायची! ते मूल कुणाचं असेल? लोकांचंच असेल असं समजू नका. शाळा आपली आहे, म्हणजे मुलंही बहुतेक आपलीच आहेत.

परदेशात मुलं-सुना असलेल्यांनी हेही ऐकावं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या सिटीपॉइंट ख्रिश्चन कॉलेज या शाळेने जानेवारी २०२२ मध्ये पालकांना असाच करारनामा पाठवला होता. समलैंगिकतेला पाप म्हणणारी ओळ त्यात होती. पालकच चिडले आणि थोड्याच दिवसांत शाळेला तो मागे घ्यावा लागला. तिथल्या कायद्यात धार्मिक शाळांना सवलत आहे आणि ती काढावी अशी शिफारस तिथल्या विधी सुधारणा आयोगाने २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात केली. आपली मुलं तिथे अल्पसंख्य आहेत. उद्या एखादी शाळा त्यांना म्हणाली, 'आमच्या धर्मात तुमचं बसत नाही', तर आपण काय म्हणू?

घरचंच एक उदाहरण देते. कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, हे आपण अभिमानाने सांगतो. विद्यार्थी असताना ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा असं सांगितलं, ते त्यांनी नाकारलं आणि बोर्डिंग सोडावं लागलं. त्यांच्या चरित्रांत हे आहे. त्या नियमालाही तेव्हा धर्मरक्षणच म्हणत असतील. १९१९ साली त्याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये सातार्‍यात सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत जेवणारं वसतिगृह. आज आपण कुणाचं नाव घेतो? नियम करणार्‍यांचं की बाहेर काढलेल्या मुलाचं?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. त्या दोन ओळी फॉर्मवर येऊ नयेत. त्यांच्या जागी सगळ्यांना सारखी लागू होणारी वागणुकीची संहिता असावी: आवारातली मर्यादा, मुलांशी वागण्याचे कडक नियम, धर्माचा आदर. धर्माच्या शिक्षकाची निवड ट्रस्टने आपल्या कसोटीवर करावी. आणि मुलाचा दाखला त्याच्या असण्यावरून कधीही काढू नये.

आपल्यापैकी बर्‍याच जणींचे यजमान, दीर, सासरे कुठल्या ना कुठल्या ट्रस्टवर आहेत. सभेत आपल्याला बोलावत नाहीत, पण ताट आपणच वाढतो. या आठवड्यात ताट वाढताना विचारा, 'तो रकाना कुणी सुचवला? वकिलाला दाखवलाय का? आणि कुठल्या शास्त्रात आहे ते दाखवता का?' तीनच प्रश्न. ग्रुपवर हात जोडण्याआधी हेही लक्षात असू द्या की आपल्याकडे कर्म तीन तर्‍हांनी बांधलं जातं: स्वतः करून, दुसर्‍याकडून करवून आणि अनुमोदना देऊन. ती खूण टाकणं ही अनुमोदनाच आहे.

पाणी गाळल्यावर गाळण्यात जी जिवाणी राहते, ती आपण मोरीत फेकत नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत सांभाळून परत सोडतो, कारण ते जीव तिथेच जगतात. डोळ्यांना न दिसणार्‍या जिवाची एवढी काळजी घेणार्‍या बायका आपण. बाकावर बसलेलं मूल आणि फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक तर आपल्याला धडधडीत दिसतात.

जय जिनेंद्र.